नाशिक आणि जर्मनी: दोन्हीकडे घर चालवताना (स्वयंपाक, पाणी, हवा, कचरा, कागदपत्रं, बंद घर)

गोदाकाठ

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून जर्मनीला गेलेली आणि वर्षातून एकदा-दोनदा ये-जा करणारी बरीच कुटुंबं इथे आहेत. ‘तिकडचं बरं की इकडचं’ यावर भरपूर लिहून झालंय, हा धागा त्यासाठी नाही. एक घर इंदिरानगरला आणि दुसरं श्टुटगार्टजवळ असेल, तर रोजचं काय वेगळं करावं लागतं, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच इथे जमवू या. माप, तापमान, रक्कम नक्की माहीत असेल तर जरूर द्या.

मला दिसणारा मुख्य फरक असा. नाशिकचं घर माणसांच्या येण्या-जाण्यावर चालतं. दूधवाला, घंटागाडी, गॅसवाला, प्लंबर सगळे दाराशी येतात, घरात कोणीतरी असलं की झालं. जर्मनीतलं घर तुमच्या स्वतःच्या हातांवर आणि कागदावर चालतं. हवा खेळवणं, क्षार काढणं, कचरा वेगळा करणं, जिना झाडणं, पत्राला मुदतीत उत्तर देणं, यातलं काहीही दुसरं कोणी येऊन करत नाही. बहुतेक अडचणी हे लक्षात न आल्यामुळे होतात.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करते. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे इथला मिक्सर तिथे ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतो. अडतं ते पिनेवर. आपली पिन तीन गोल दांड्यांची. तिथलं सॉकेट खोलगट वाटीसारखं, त्यात दोन भोकं, आणि अर्थिंग वाटीच्या कडेच्या दोन पत्र्यांवर. स्वस्त ‘युनिव्हर्सल’ अ‍ॅडॅप्टरात या पत्र्यांना टेकणारी पट्टीच नसते. मिक्सर फिरतो, म्हणून अर्थिंग तुटलंय हे कळत नाही. स्टीलच्या बॉडीचा मिक्सर किंवा इडलीचा ग्राइंडर ओल्या हाताने हाताळताना हे धोक्याचं आहे. बाउमार्क्ट म्हणजे हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात शुको म्हणजे त्या सॉकेटची पिन दोन-तीन युरोंना मिळते, ती जाणकाराकडून बसवून घ्या. जुन्या भारतीय वायरीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असते. नव्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. हिरवी कुठे जाते ते आधी बघा, मग बाकीच्या दोन.

शेगडी बहुधा काचेची असते, सेरान (काचेखालची तार तापते) किंवा इंडक्शन (थेट भांड्याचा तळ तापतो). अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. स्टीलचाही तळ लोहचुंबकाला चिकटतो का, ते नाशिकला दुकानातच तपासा. सेरानवर अ‍ॅल्युमिनियम चालतं, पण गॅससारखं ‘बंद केलं की बंद’ होत नाही. बटण फिरवल्यावरही काच बराच वेळ गरम राहते. तिसऱ्या शिटीला बटण बंद करून कुकर तिथेच ठेवला तर चौथी-पाचवी शिटी होते आणि भाताचा गोळा होतो. कुकर उचलून बाजूला ठेवायचा. गोल बुडाची लोखंडी कढई तिथे निरुपयोगी, सपाट बुडाची घ्या.

चुलीवरची

गोदाकाठताई, चांगला धागा. मी फक्त पिठांबद्दल लिहिते, कारण पोळी बिघडण्याचं कारण लोक हाताला लावतात आणि ते असतं पिठात.

तिथल्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा मोठा म्हणजे कोंडा जास्त. ४०५ जवळपास मैदाच. त्याची पोळी गरम असताना छान लागते, गार झाली की चामट. उलट ‘फोलकोर्न’ म्हणजे पूर्ण गव्हाचं एकटं वापरलं तर कडा फाटतात. आपल्याकडे चक्कीत गहू दगडांमध्ये रगडला जातो, स्टार्चचे कण फुटतात, म्हणून पीठ जास्त पाणी धरतं. तिथे रोलरवर दळतात. कोंड्याचे तुकडे मोठे राहतात आणि लाटताना पोळीला चिरतात.

भारतीय दुकानातला आटा संपला असेल तर दोन वाट्या १०५० आणि एक वाटी फोलकोर्न, चाळून. पाणी सवयीपेक्षा कमी घ्या आणि लागेल तसं वाढवा. भिजवून निदान अर्धा तास झाकून ठेवा. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. मग तेलाचा हात लावून पुन्हा मळा.

भाकरीचं वेगळं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने तुटते. दुकानात पोहोचेपर्यंत पीठ कित्येक आठवड्यांचं असतं. तेव्हा सरळ उकड काढायची. पिठाइतकंच पाणी उकळून, मीठ घालून, पीठ वैरायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि कोमट असताना मळायचं. बाजरीच्या पिठात तेल जास्त, ते दळल्यावर लवकर खवट होतं. पाकीट उघडून आधी चिमूटभर जिभेवर ठेवा. कडवट लागलं तर भाकरी करून काही सुधारत नाही. चांगलं निघालं तर लगेच फ्रीझरमध्ये.

आणि काचेच्या शेगडीवर जाळी ठेवून भाकरी फुगवू नका. जाळीने ओरखडे पडतात, शिवाय हवी तशी आच मिळतच नाही. तव्यावरच, दुसरी बाजू भाजून झाल्यावर घडी केलेल्या फडक्याने कडेकडेने दाबली की फुगते.

विरजण

चुलीवरची यांच्या पुढचं लिहितो: आंबवणं.

इडलीचं पीठ २८ ते ३२ अंशांना नीट फुगतं. नाशिकला मे महिन्यात सहा-सात तासांत भांड्याबाहेर येईल. जर्मनीत हिवाळ्यात घर २० अंशांवर, तिथे ओट्यावर ठेवलेलं पीठ दुसऱ्या दिवशीही तसंच. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा चालू करा. साध्या बल्बच्या उष्णतेने आत हवं तेवढं तापमान मिळतं, तरी एकदा थर्मामीटर ठेवून बघा, प्रत्येक ओव्हन वेगळा. दिवा एलईडी असेल तर उष्णता मिळत नाही. मग खालच्या कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि चार-पाच तासांनी बदलायचं. बारा ते चौदा तास धरा. मटकीलाही हीच जागा. २० अंशांना मोड यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात वास येऊ लागतो. दिव्याच्या उबेत दीड दिवसात मिसळीजोगे मोड येतात. दर आठ तासांनी मटकी धुऊन पुन्हा बांधा.

दह्यासाठी विरजण घेताना डब्यावर ‘योगुर्ट मिल्ड’ लिहिलंय का बघा. त्यातले जिवाणू मुद्दाम कमी आंबट दही करणारे असतात. त्याची कढी केली तर आंबटपणा येतच नाही, आणि लोक आठवडाभर तेच विरजण फिरवत बसतात. ‘मिल्ड’ नसलेलं घ्या. अर्धा लिटर दूध ४२ अंशांपर्यंत कोमट, एक चमचा विरजण, सहा ते आठ तास.

साय मात्र तिथल्या दुधाला धरत नाही. दूध होमोजिनाइझ केलेलं असतं, म्हणजे स्निग्धांशाचे थेंब इतके बारीक केलेले की ते वर येतच नाहीत. त्यामुळे सायीचं लोणी, ताक, कढवलेलं तूप ही साखळीच तुटते. लोणी विकतचं घ्यावं लागतं, पण दोन प्रकार असतात. ‘झ्युसराम’ गोड सायीचं, ‘झाउअरराम’ आंबवलेल्या सायीचं. तूप करायचं तर दुसरं घ्या. २५० ग्रॅमच्या पाकिटात ८२ टक्के स्निग्धांश, कढवल्यावर साधारण २०० ग्रॅम तूप. आपल्या घरच्या तुपाचा वास त्यालाच येतो.

सातपूरकर

आता हवा. नाशिकहून गेलेल्या घरांत पहिल्या हिवाळ्यात भिंतीला बुरशी धरते आणि घरमालकाशी वाद सुरू होतो. कारण समजलं तर टाळता येतं.

कुकरची वाफ, दोन वेळचा रश्श्याचा स्वयंपाक, अंघोळी आणि घरात वाळत घातलेले कपडे. एका मशीनभर कपड्यांतून एक-दोन लिटर पाणी हवेत जातं. खिडक्या दुहेरी काचेच्या आणि घट्ट, त्यामुळे ही वाफ बाहेर जायला वाट नाही. ती सगळ्यात थंड जागा शोधते, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची भिंत, खिडकीची चौकट. तिथे पाणी धरतं आणि काळे ठिपके येतात.

उपाय म्हणजे ‘श्टोसल्युफ्टन’. समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि त्या वेळी हीटर बंद. ओली हवा बाहेर जाते, भिंती गरमच राहतात, म्हणून घर लगेच पुन्हा उबदार होतं. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. हवा जेमतेम बदलते, खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशी तिथेच धरते. दहा युरोंचा आर्द्रतामापक घ्या, काटा ४० ते ६० टक्क्यांत हवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा.

हीटरच्या नळावरचे आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढे-मागे प्रत्येक आकड्याला चार अंशांचा फरक. बाहेरून कुडकुडत आल्यावर ५ वर फिरवला तर खोली लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापत राहते आणि त्याचा हिशेब वर्षअखेरीच्या बिलात दिसतो. न वापरत्या खोलीतही १६ अंशांखाली जाऊ देऊ नका.

नाशिकचं उलट आहे. इथे घर थंडीसाठी बांधलेलंच नसतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा शहरातही फरशी बर्फासारखी लागते, आणि जर्मनीहून आलेली मुलं घरात अनवाणी फिरून आजारी पडतात. सुट्टीला येताना मुलांचे लोकरी मोजे आणि घरातल्या चपला आणा.

राहिलं धुराचं. झोपायच्या खोल्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या बोळात राउखमेल्डर म्हणजे धुराची घंटा सक्तीची आहे. लाल मिरचीची फोडणी किंवा ठेच्यासाठी भाजलेली मिरची तिला पुरते. फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार लावा, चिमणी चालू करा. घंटा काढून कपाटात ठेवू नका. खरंच आग लागली तर तीच उठवणार आहे.

नळकोंडाळं

सातपूरकर दादांनी हवेचं लिहिलं, मी पाण्याचं.

नाशिकला महापालिकेचं पाणी गंगापूर धरणाचं, तुलनेने मऊ. बोअरचं जड, बादलीला पांढरा थर धरतो. जर्मनीत नळाचं पाणी थेट पिता येतं, पण अनेक गावांत ते आपल्या बोअरसारखंच जड असतं. पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की जर्मन अंशांत जडपणा कळतो. ८.४ पर्यंत मऊ, १४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जड. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम क्षार.

स्वयंपाकात हे डाळीत दिसतं. हरभरे, राजमा, तूरडाळ जड पाण्यात शिजायला जास्त वेळ घेतात, कारण कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट करतं. कडधान्य भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला, ते पाणी ओतून टाका आणि ताज्या पाण्यात शिजवा. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते.

किटलीतला पांढरा थर सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो. लिटरभर पाण्याला दोन चमचे, आणि पाणी गारच ठेवा. उकळलं तर क्षाराशी मिळून न विरघळणारा नवाच थर बसतो, मग तो घासूनही जात नाही. व्हिनेगर मात्र कोमट करून चालतं. नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवर दोन-तीन महिन्यांनी रात्रभर बुडवून ठेवा. धार बारीक झाली म्हणून प्लंबरला बोलावलं तर तो येऊन हेच करतो आणि नुसत्या येण्याचेही पैसे घेतो.

नवी_वाट

सगळं वाचतेय. आम्ही दोन मुलांसह सप्टेंबरअखेर श्टुटगार्टच्या बाजूला जातोय. दोन प्रश्न आहेत. सामानात काय नेऊ नये? आणि पहिल्या दोन आठवड्यांत नक्की काय करायचं?

गोदाकाठ

सामानाचं आधी. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खासगी सामानातही नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर नाही. डिसेंबर २०१९पासून ताजी फळं, भाज्या, पानं यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. कढीपत्त्याची जुडी त्यातच अडकते. अपवाद पाचच आहेत: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. चिवडा, मसाले, पापड, लोणचं यांना हरकत नाही, मात्र काळा मसाला पॅकबंद न्या. सुट्या पिशवीतली भुकटी बघून प्रश्न विचारले जातात. विमानाने आल्यास मोठ्यांना माणशी ४३० युरोंपर्यंतच्या वस्तूंना कर नाही. औषधं स्वतःपुरती तीन महिन्यांची चालतात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून सोबत ठेवा.

पहिल्या दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत गावाच्या कचेरीत करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा कागद लागतो. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. अपॉइंटमेंट आठवडेच्या आठवडे मिळत नाही, म्हणून नाशिकहूनच घेऊन ठेवा. या नोंदीतून करक्रमांक पोस्टाने येतो, आणि त्याच नोंदीवरून घरटी महिना १८.३६ युरोंचं रेडिओ-टीव्हीचं शुल्क लागू होतं. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं. एका घराला एकच, दोघांच्या नावाने दोन पत्रं आली तर एकाने दुसऱ्याचा क्रमांक कळवून आपलं बंद करून घ्यायचं.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. पोस्ट पेटीवर आडनाव बघून टाकलं जातं, फ्लॅट नंबर नसतोच. पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव असेल आणि बायकोने लग्नाआधीचं ठेवलं असेल, तर तिचं बँक कार्ड परत जातं. दोन्ही आडनावं पेटीवर आणि बेलवर लावा. तसंच पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात आपण स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, दोन्ही लिहितो. तिथे ती दोन्ही तुमची पहिली नावं समजली जातात. बँक, विमा, मुलांची शाळा, सगळीकडे पासपोर्टातलं पूर्ण नाव अक्षर न अक्षर तेच द्या. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की दोन वेगळी माणसं तयार होतात.

वाहन चालवत असाल तर भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालतो, तोही अनुवाद किंवा आंतरराष्ट्रीय परवान्यासोबत. तो इथे पेठ रोडच्या आरटीओतून निघण्यापूर्वी काढा. सहा महिन्यांनंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मुदत संपायच्या आत अर्ज करा.

शेजारधर्म

श्टुटगार्टकडे जाताय म्हणून केअरवोखबद्दल सांगते. तो त्या भागाचा खास रिवाज. दाराच्या कडीला एक पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्याला जिना झाडणं-पुसणं तुमच्याकडे. शनिवारी करून पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. ‘लहान’ केअरवोख म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, ‘मोठी’ म्हणजे फाटकापासून पदपथापर्यंत आणि तळघरही. बर्फ पडलं तर पदपथ सकाळी साफ असायला हवा, कोणी घसरून पडलं तर जबाबदारी येते. त्या आठवड्यात नाशिकला असाल तर आधी शेजाऱ्याशी आठवडा बदलून घ्या. नुसती पाटी पुढे सरकवली तर माणसं दुखावतात.

कचरा: ओला, कागद, पिवळी पिशवी म्हणजे प्लास्टिक-धातूची वेष्टणं, आणि उरलेला. काच पेटीत नाही, रस्त्यावरच्या डब्यात, रंगाप्रमाणे. निळी बाटली हिरव्यात. रविवारी आणि रात्री काच टाकायची नाही, आवाज होतो. पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर २५ सेंट अनामत, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८, बऱ्याच पुन्हा भरायच्या बाटल्यांवर १५. बाटली चेपू नका, लेबल काढू नका, नाहीतर यंत्र ती ओळखत नाही. आपल्याकडे बाटली चेपून टाकायची सवय, ती तिथे पैसे घालवते.

नाशिकला घंटागाडी ओला-सुका वेगळा मागते. तिथली सवय इथेही ठेवली तर उपयोग आहे. महापालिकेने जर्मन सरकारच्या जीआयझी या संस्थेच्या मदतीने ओला कचरा आणि शौचालयांतला मैला एकत्र कुजवून वीज करण्याचा प्रकल्प उभारलाय, त्यात प्लास्टिक गेलं तर तो अडतो.

रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी बघून घ्यायची. रात्री दहानंतर मिक्सर नाही, चटणी सकाळी वाटा.

कॉलेजरोड

जर्मनीचं बरंच झालं. नाशिकच्या बंद घराचं कोणीच लिहिलं नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. जून ते सप्टेंबर घर बंद असेल तर पुढचं करून जा.

फ्रिज बंद, आतून कोरडा, आणि दारात फडक्याची गुंडाळी घालून फट ठेवा. कपाटांची दारंही किंचित उघडी. चामड्याचे बूट-पट्टे आणि रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या तर आत दमट हवा कोंडते, त्या सुती कापडात बांधा. टाकीतून येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. फक्त नळ बंद करून भागत नाही, वॉशिंग मशीनची नळी फुटली तर खालच्या मजल्याचं छत गळतं. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावा.

इन्व्हर्टरची बॅटरी ही दुखरी जागा. चालू ठेवून गेलं तर सतत चार्जिंगने पाणी आटतं, बंद करून गेलं तर ती आपोआप उतरत जाते आणि सहा महिने रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, मग ती चार्जच धरत नाही. पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरून, तारा सोडून ठेवा आणि किल्ली असलेल्या माणसाला दीड-दोन महिन्यांनी एक दिवस चार्जला लावायला सांगा. कार-स्कूटरच्या बॅटरीची निगेटिव्ह तारही सोडा.

महावितरणचं बिल घर बंद असलं तरी स्थिर आकारासह दरमहा येतं. ऑटो-पे लावा, थकलं तर जोडणी तुटते आणि पुन्हा घ्यायला माणूस हजर लागतो. घरपट्टी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला भरली तर सवलत मिळते.

नळकोंडाळं

कॉलेजरोड यांच्या यादीत एक भर: न्हाणीचा ट्रॅप. फरशीच्या जाळीखाली वाकलेल्या भागात पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर बंद असलं की काही आठवड्यांत ते वाळतं. परत आल्यावर ‘घरात कसला वास येतोय’ तो हाच. निघायच्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि त्यावर दोन-तीन चमचे गोडंतेल. तेल वर तरंगतं, पाणी उडत नाही. वर प्लास्टिकचा कागद ठेवून कडेने टेप लावा. कमोडचं झाकण बंद करून त्यालाही तेच. बेसिनखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपलाही विसरू नका.

हिशेबनीस

पैशांचं थोडक्यात, कारण इथे चूक झाली की वर्षांनी कळते.

परदेशी राहायला गेलात की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. एनआरई खात्यावरचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज भारतात करमुक्त, पण जर्मनीत राहणाऱ्याला जगभरचं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. ‘भारतात करमुक्त आहे’ म्हणून न दाखवणं ही नेहमीची चूक. व्याज-लाभांशावर तिथे माणशी वर्षाला १,००० युरोंपर्यंत सूट आहे.

नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिलात तर करार नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं, अकरा महिन्यांचा असला तरी. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारकडे भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसतं, करारातच लिहा. कर जास्त कापला गेला तर विवरणपत्र भरून परत मिळतो. सोसायटी बिनवापर शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

शेतीचं नाशिककरांनी विशेष बघावं. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारकाला (म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला) शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली द्राक्षबाग ठेवता येते, पण विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. जर्मनीने २७ जून २०२४पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, पण भारत मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट जमा करून मग ओसीआय. म्हणून सातबाऱ्यावरच्या वारसनोंदी त्याआधी पूर्ण करून घ्या.

इथलं सिम चालू ठेवा. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकतं, आणि मग बँकेचा ओटीपी येणार नाही. एकच नंबर बँक, आधार आणि गॅसजोडणीला असू द्या.

नवी_वाट

हिशेबनीस काका, मोठाच उलगडा झाला. सासूबाईंच्या नावाची बाग आहे, त्यामुळे सातबाऱ्याचं आत्ताच बघतो. तिथे गेल्यावर इथल्या कामांसाठी मुखत्यारपत्र द्यायचं झालं तर?

हिशेबनीस

श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गसाठी म्युनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास. अपॉइंटमेंट घेऊन, अधिकाऱ्यासमोर सही करायची, आधी करून आणलेली सही चालत नाही. मजकुरात ‘सर्व व्यवहार’ असं मोघम लिहू नका. फ्लॅटचा पत्ता, क्षेत्रफळ, कोणती कामं (भाडेकरार, वीजबिल, सोसायटी) ते नावानिशी लिहा. मूळ कागद नाशिकला पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. कागद कुरिअरने येतो, कपाटात पडतो आणि ही मुदत जाते, मग ऐन नोंदणीच्या दिवशी अडतं. कुरिअरचं पाकीट फेकू नका, पोहोचल्याची तारीख त्यावरूनच सिद्ध होते.

इथल्या कचेरीला फोन करायचा तर हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक. सकाळी अकराला इथे साहेब जागेवर असतात तेव्हा तिथे हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. इथल्या दुपारी तीननंतरचा फोन सहसा वाया जातो.

शेजारधर्म

एक तारखांचं राहिलं. तिथे शाळा सक्तीची आहे, दिवाळीसाठी मधेच रजा मागितली तर मिळेलच असं नाही, आणि न विचारता नेलं तर दंड होतो. म्हणून बहुतेक जण उन्हाळ्यात येतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गची उन्हाळी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. २०२७मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकी याच सुट्टीत. पंचवटी, रामकुंड आणि त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला घर असेल तर स्नानाच्या आसपासचे दिवस मुंबईहून येण्या-जाण्यासाठी धरू नका. समृद्धी महामार्ग जून २०२५पासून पूर्ण सुरू आहे, त्यामुळे इगतपुरीपर्यंतचा प्रवास सोपा झालाय, पण गर्दी त्यापुढेच असेल. गॅस सिलिंडर, पिण्याचं पाणी आणि मुलांची औषधं कोणाकडून तरी आधीच भरून घ्या. बुधवारचा बाजार गोदाघाटावर भरतो, त्या काळात भाजीही दुसरीकडून आणायची तयारी ठेवा.